डेव्हिड किनब्रुकचे आठ दशांश सेकंद

१७९६ च्या सुरुवातीला लंडनशेजारच्या ग्रीनिच वेधशाळेतून डेव्हिड किनब्रुक नावाच्या साहाय्यकाला नारळ मिळाला. त्याचे साहेब, म्हणजे इंग्लंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन, एरवी त्याला कष्टाळू आणि उपयोगी माणूस म्हणत. त्यांची तक्रार एकच होती. दुर्बिणीत तारा ठरलेली खूण ओलांडताना साहेबांना जेव्हा दिसे, त्यानंतर आठ दशांश सेकंदांनी तो किनब्रुकला दिसे.

आपल्या पंचांगाच्या हिशेबात ही दोन विपळं झाली. घटका चोवीस मिनिटांची, तिची साठ पळं, पळाची साठ विपळं. लग्न लावताना गुरुजी मुहूर्तासाठी घाई करतात ती फार तर पळांची. विपळांवरून कुणाची नोकरी गेल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

पण ग्रीनिचला ही दोन विपळं क्षुल्लक नव्हती. पृथ्वी एका सेकंदात १५ विकला फिरते (विकला म्हणजे अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग), म्हणजे आठ दशांश सेकंदात १२ विकला. विषुववृत्तावर हे अंतर ३७० मीटरच्या आसपास भरतं. मॅस्केलिन यांनी १७६७ पासून खलाशांसाठी नाविक पंचांग छापायला सुरुवात केली होती. त्यातल्या आकड्यांवर विसंबून जहाजं समुद्रात आपलं रेखांश काढत, आणि त्या आकड्यांच्या मुळाशी ग्रीनिचचे वेध होते. तारा कोणत्या क्षणी याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर आला, हा तिथला रोजचा प्रश्न, किंबहुना तोच तिथला धंदा.

वेध घेण्याची रीत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. दुर्बीण अशी बसवलेली, की ती फक्त उत्तर-दक्षिण रेषेत वरखाली व्हावी. तिच्या नेत्रिकेत पाच उभे बारीक धागे. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा एका कडेने आत येतो आणि एकेक धागा ओलांडत दुसऱ्या कडेने निघून जातो. निरीक्षकाने आधी घड्याळाकडे बघून सेकंद मनात धरायचा, मग डोळा दुर्बिणीला लावायचा आणि पुढचे ठोके कानांनी मोजत राहायचं. समजा, बाविसाव्या ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे होता आणि तेविसाव्याला पलीकडे गेला. या दोन्ही जागा नजरेत पक्क्या धरायच्या, धाग्यापासून दोन्हींची अंतरं मनातल्या मनात ताडायची आणि वहीत लिहायचं, बावीस पूर्णांक चार दशांश. हे उरकेपर्यंत पुढचा धागा आलेला असतोच. डोळा आणि कान यांची ही जुगलबंदी पूर्वीचे शाही खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली यांनी रूढ केली होती. सरावलेला माणूस तीत एक, फार तर दोन दशांश सेकंदापलीकडे चुकत नाही, अशी सर्वांचीच खात्री होती.

साहाय्यकाचं आयुष्य कसं असे हेही लिहून ठेवलेलं आहे. त्याच काळात तिथे काम केलेल्या थॉमस इव्हान्सने या नोकरीच्या कंटाळ्याचं जे वर्णन केलं, ते वाचून हसावं की हळहळावं कळत नाही. माणसांची संगत कशी ती नाही. भिंतीतल्या बिळातून एखादा उंदीर बाहेर येऊन जेवणातले सांडलेले तुकडे शोधतो, तेवढीच काय ती सोबत. रात्री-अपरात्री उठायचं, वेध घ्यायचा, दिवसा त्याच आकड्यांची गणितं करायची.

किनब्रुक १७९४ मध्ये या कामावर आला. पहिल्या वर्षी त्याचे आणि साहेबांचे आकडे छान जुळत होते. १७९५ च्या ऑगस्टमध्ये तो अर्धा सेकंद मागे पडायला लागला. साहेबांनी समज दिली. जानेवारीपर्यंत अर्ध्याचे आठ दशांश झाले. म्हणजे समज दिल्यावर चूक वाढली. साहेब मागे उभे राहून बघत असताना टंकलेखन केलेल्या कुणालाही याचं फारसं नवल वाटू नये. मॅस्केलिन यांनी मात्र निष्कर्ष काढला, की हा पोरगा ब्रॅडलींची उत्तम पद्धत सोडून स्वतःच्याच कसल्यातरी गोंधळलेल्या, अनियमित पद्धतीने वेध घेऊ लागला आहे. तसं त्यांनी वेधांच्या छापील खंडात नोंदवलंही. ती नोंद नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. किनब्रुक १८०२ मध्ये वारला.

एक गोष्ट मॅस्केलिन यांना सुचलीच नाही, आणि त्यात त्यांचा दोष आहे असंही मला वाटत नाही. दोन माणसांच्या आकड्यांत फरक आहे, यावरून एक उशिरा बघतो असं जितकं म्हणता येतं, तितकंच दुसरा लवकर बघतो असंही म्हणता येतं. खरा क्षण कोणता, हे सांगायला तिसरं कुणी नव्हतं. साहेब तो साहेब, म्हणून त्याचा आकडा खरा.

वीसेक वर्षं गेली. १८१६ मध्ये ग्रीनिच वेधशाळेच्या इतिहासावर लिंडेनाऊ यांचा एक लेख जर्मन नियतकालिकात आला. त्यात या बडतर्फीचा ओझरता उल्लेख होता. तो पुष्कळांनी वाचला असेल, पण अडखळला एकच माणूस. प्रशियातल्या क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेचा प्रमुख, फ्रिडरिश बेसेल. बेसेल मूळचा ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीतला उमेदवार कारकून. जहाजांच्या व्यापारासाठी नौकानयन शिकावं म्हणून तो खगोलशास्त्राकडे वळला आणि तिथलाच झाला. ब्रॅडलींच्या ग्रीनिचमधल्या जुन्या वेधांची गणितं त्याने वर्षानुवर्षं बसून नव्याने केली होती. कोणता आकडा कुठल्या कारणाने किती सरकतो, हे त्याच्याइतकं त्या काळात क्वचितच कुणाला कळत असेल. त्याला वाटलं, की नोकरी जाण्याच्या भीतीनेसुद्धा जी चूक सुधारत नाही, ती चूक हलगर्जीची नसणार.

मग त्याने ती आपल्यावरच तपासली. १८२०-२१ च्या हिवाळ्यात वालबेक नावाचा खगोलशास्त्रज्ञ त्याच्याकडे आला होता. दोघांनी तेच तारे आळीपाळीने टिपले. फरक निघाला १.०४१ सेकंद. १८२३ मध्ये आर्गेलांडरबरोबर तोच उद्योग केला, तेव्हा १.२२३ सेकंद. दोन्ही वेळा बेसेलला तारा आधी दिसला होता. किनब्रुकची नोकरी आठ दशांशावरून गेली. इथे युरोपातल्या सर्वांत काटेकोर निरीक्षकांपैकी दोघांत सव्वा सेकंदाचा फरक होता आणि दोघेही आपापल्या जागी ठाम, सुसंगत. स्ट्रूव्ह या तिसऱ्या मातब्बराशी तुलना केली तेव्हा आणखीच चमत्कारिक गोष्ट दिसली. १८१४ मध्ये दोघांत जवळजवळ फरकच नव्हता, १८२१ मध्ये तो आठ दशांश सेकंद होता आणि १८२३ मध्ये सेकंदाहून जास्त. म्हणजे माणसागणिक फरक असतोच, शिवाय त्याच माणसाचा तो कालपरत्वे बदलतो. मग बेसेलने सेकंदाऐवजी अर्ध्या सेकंदाला ठोका देणारं घड्याळ वापरून पाहिलं, तर त्याचे स्वतःचे आकडे जवळपास अर्ध्या सेकंदाने सरकले. तारा तोच, डोळा तोच, कानही तोच. फक्त ठोक्यांमधलं अंतर बदललं आणि ‘आता’ दुसरीकडे गेलं.

या फरकाला पुढे खगोलशास्त्रात ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणू लागले. दोन वेधशाळांचे आकडे एकत्र करायचे, तर आधी तिथल्या निरीक्षकांचं समीकरण वजा करायचं. माणूस हा दुर्बिणीचाच एक भाग, आणि भिंगासारखा त्याचाही दोष मोजून ठेवायचा, हा विचार मला आजही धाडसी वाटतो.

याच बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर काढलं. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचं भरवशाचं अंतर माणसाला कळलं ते बहुधा तेव्हाच पहिल्यांदा. त्यासाठी त्याने मोजलेलं ताऱ्याचं सरकणं होतं ०.३१४ विकला. आता त्याच्या आणि आर्गेलांडरमधल्या सव्वा सेकंदाचं कोनात रूपांतर करा, १८ विकला येतात. पन्नासपटींहून जास्त. हे अंतर घड्याळाच्या ठोक्यांवर काढायला गेला असता, तर ते बेसेलमध्येच हरवलं असतं. त्याने हेलिओमीटर वापरला. त्यातलं भिंग मधोमध कापलेलं असतं आणि दोन ताऱ्यांच्या प्रतिमा शेजारी आणून त्यांच्यातलं अंतर मोजता येतं. ठोका मोजण्याचं कामच उरत नाही.

हौशी मंडळींना हा सगळा मामला घरबसल्या अनुभवता येतो. चंद्र फिरता फिरता वाटेतल्या ताऱ्यांना झाकतो, त्याला पिधान म्हणतात. २०१५ ते २०१८ या काळात रोहिणीची अशी बरीच पिधानं झाली. चंद्राला वातावरण नाही, त्यामुळे तारा मंद होत होत जात नाही, एकदम पुसला जातो. आम्ही काही मित्र स्टॉपवॉच घेऊन गच्चीवर बसायचो. तारा गेला की बटण. सगळे एकाच गच्चीवर, एकाच चंद्राकडे बघत, आणि तरी आकडे कधी जुळले नाहीत. गंमत म्हणजे आमच्यातला एक जण प्रत्येक वेळी पुढे असायचा. तो तारा ‘जाणार’ म्हणून बटण दाबायचा, की ‘गेला’ म्हणून, यावर गच्चीवर बरीच भांडणं झाली. चंद्र आपल्या कक्षेत सेकंदाला किलोमीटरभर सरकतो. तीन दशांश सेकंदाची गफलत म्हणजे चंद्राच्या कडेवर तीनेकशे मीटर. एवढ्यात एखादी टेकडी बसते.

खगोलशास्त्रज्ञांनी यावर शेवटी यंत्राचा तोडगा काढला. १८५० च्या आगेमागे अमेरिकेत तारायंत्राचा उपयोग सुरू झाला. तारा धाग्यावर आला की कळ दाबायची, फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर घड्याळाच्या खुणांशेजारी तिची खूण उमटते. कान बाद झाला. फरक सेकंदावरून दशांश सेकंदापर्यंत उतरले. पण शून्यावर आले नाहीत, आणि आता त्यांचा माग काढणं सोपं झालं होतं.

इथून गोष्ट हातातून हातात जाते. क्योनिग्सबर्ग हे इमॅन्युएल कांट यांचं गाव. मनाच्या व्यवहारांना गणित लावता येत नाही, म्हणून मानसशास्त्र खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकणार नाही, असं त्यांनी १७८६ मध्ये लिहून ठेवलं होतं. त्याच गावात बेसेलने मनाचा पहिला आकडा काढला, तोही मनाचा अभ्यास करायचा कसलाही इरादा नसताना. बेसेल १८४६ मध्ये गेला. तीन-चार वर्षांत हर्मन हेल्महोल्ट्झ त्याच गावात प्राध्यापक म्हणून आला आणि १८५० मध्ये त्याने बेडकाच्या पायातल्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. सेकंदाला सुमारे तीस मीटर. त्याचे गुरू योहानेस म्यूलर यांना हा वेग मोजणं अशक्यप्राय वाटत असे. निघाला तो घोड्याच्या भरधाव वेगाच्या दीडपट फार तर. विचार क्षणात कुठल्या कुठे जातो असं आपण म्हणतो, तो प्रत्यक्षात या वाटेने जातो.

स्वित्झर्लंडच्या न्यूशाटेलमध्ये, घड्याळजींच्या मुलखात, आडोल्फ हिर्श हा वेधशाळेचा प्रमुख होता. गावातलाच यंत्रकार माथेउस हिप याने सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं उपकरण बनवलं होतं. हिर्शने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते घेतलं आणि ताऱ्यांऐवजी माणसांचे वेध घेतले. प्रकाश दिसल्यावर कळ दाबायला साधारण एक पंचमांश सेकंद, आवाज ऐकल्यावर त्याहून कमी, साधारण दीड दशांश. एका खगोलशास्त्रज्ञाने वेधशाळेत बसून केलेला हा मानसशास्त्रातला प्रयोग आहे, आणि तेव्हा मानसशास्त्र नावाची प्रयोगशाळा जगात कुठेही नव्हती. पुढे उट्रेक्टमध्ये डॉन्डर्स या डच शरीरशास्त्रज्ञाने एक साधी वजाबाकी केली. पायाला विजेचा हलका झटका द्यायचा. तो कोणत्या पायाला बसणार हे आधी माहीत असेल, तर उत्तराला एक वेळ लागतो. माहीत नसेल, तर सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग जास्त. तेवढा वेळ ठरवण्याचा. निवडीची किंमत सेकंदाच्या अंशात मोजली गेली.

विल्हेल्म वुंट हा तर थेट किनब्रुकचाच प्रश्न घेऊन बसला. त्याने १८६१ च्या सुमारास घरातल्या घड्याळाच्या लंबकाला अशी जोडणी केली, की तो ठरावीक जागी आला की घंटी वाजावी. घंटी वाजली त्या क्षणी लंबक नेमका कुठे होता, हे सांगायचं, बस. वुंटला आढळलं, की आपल्याला ते सांगता येत नाही. लंबक खऱ्या जागेपासून सरकलेला दिसतो. एका वेळी मन एकाच गोष्टीकडे लक्ष देतं. घंटीकडून लंबकाकडे जायला त्याला सेकंदाचा सुमारे आठवा भाग लागतो, असं त्याचं म्हणणं. १८७९ मध्ये त्याने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं तिथून सुरू होतात. मला विचाराल तर ती ग्रीनिचहून सुरू व्हायला हवीत. माणसाचं मन हे तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं चघळलेलं, पण ते उशीर करतं हे कळायला ताऱ्यांसारखी वक्तशीर गोष्ट समोर असावी लागली. समोरची गोष्ट चुकत नाही याची खात्री पटल्याशिवाय माणूस स्वतःकडे बघत नाही.

वेळेचं झालं, ताऱ्यांच्या जागेचीही एक अशीच कथा आहे. जून १७९९ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तेनेरिफे बेटावरचा ज्वालामुखी पहाटेच्या अंधारात चढत होता. त्याला क्षितिजाजवळचे तारे डावी-उजवीकडे झुलताना दिसले. त्याला ती हवेची करामत वाटली. पुढे लक्षात आलं, की एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे बघणाऱ्या माणसांना तो वेगवेगळ्या दिशांनी हलताना दिसतो. म्हणजे झुलणं आकाशात नव्हतं. काळोखात एकुलता एक ठिपका असला, की तो कशाच्या संदर्भात स्थिर आहे हे डोळ्याला कळत नाही, आणि तो भटकू लागतो.

कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला आकाशदर्शनासाठी मुंबईची मंडळी वर्षानुवर्षं जातात. तिथे नवख्यांच्या घोळक्यात हा खेळ हमखास होतो. कुणीतरी डोंगरावरच्या एका ताऱ्याकडे बोट करून म्हणतं, ‘ते बघ, ते हलतंय.’ दोन मिनिटांत सगळा घोळका म्हणतो, हलतंय. मग कुठे जातंय यावर चर्चा होते, आणि पाहता पाहता एकमत होतं. उपग्रह आहे, ड्रोन आहे, काहींच्या मते तर त्याहून भारी काहीतरी. कुणीही खोटं बोलत नसतं. मुझफर शेरीफ या तुर्की मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच अंधाऱ्या खोलीत केलं. प्रकाशाचा एक स्थिर ठिपका, आणि तो किती इंच हलला ते सांगायचं. एकेकट्याने आपापला अंदाज ठरवला. दोघा-तिघांना एकत्र बसवलं, की आकडे एकमेकांकडे सरकत जवळ आले. आणि नंतर पुन्हा एकट्याने बघितलं, तरी माणसं घोळक्यात ठरलेला आकडाच सांगत राहिली. समाजात रूढी कशा तयार होतात, यावरचा हा गाजलेला प्रयोग, आणि त्याचं साधन म्हणजे हुम्बोल्टचा झुलणारा तारा.

या पार्श्वभूमीवर मंगळाच्या कालव्यांकडे बघितलं, की पर्सिव्हल लोवेल यांची कीव करावीशी वाटत नाही. बॉस्टनचा हा धनिक. १८९४ मध्ये त्याने ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारली, आणि मंगळावर सरळ रेषांचं जाळं आहे, ते तिथल्या तहानलेल्या रहिवाशांनी खणलेलं आहे, असं आयुष्यभर मांडलं. त्याआधी मिलानच्या शियापारेल्ली यांनी १८७७ मध्ये तशाच रेषा काढल्या होत्या. पण लोवेलची मला सर्वांत आवडलेली गोष्ट मंगळाची नाही, शुक्राची आहे. १८९६-९७ मध्ये शुक्रावर त्याला मधल्या ठिपक्यातून निघणाऱ्या आऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. शुक्र ढगांनी पुरता झाकलेला आहे. दुसऱ्या कुणालाही त्या दिसेनात. शुक्र फार तेजस्वी, म्हणून लोवेल दुर्बिणीचं तोंड झाकून अगदी लहान करत असे. इतक्या अरुंद किरणशलाकेत डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची सावली बघणाऱ्याला दिसू शकते. नेत्रतपासणीच्या वेळी कधी कधी झाडाच्या फांद्यांसारखं काही चमकून जातं, तेच. हे स्पष्टीकरण मला पटतं. तसं असेल, तर हा गृहस्थ अरिझोनाच्या डोंगरावर बसून चांगल्या दुर्बिणीतून स्वतःच्या डोळ्याचं आतलं अंग रेखाटत होता, आणि रेखाटन बऱ्यापैकी अचूक होतं.

मंगळाच्या रेषांचा निकाल लावला तो पुन्हा ग्रीनिचमध्ये, आणि तिथे मला वेधशाळेतला खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड वॉल्टर माँडर भेटतो. या माणसाशी महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणात किनाऱ्याला लागली आणि ईशान्येकडे सरकत गेली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होते, पुण्याचे कावसजी नायगमवाला जेऊरला, आणि माँडर दांपत्य वऱ्हाडात तळणीला. ॲनी माँडर ग्रीनिचला गणकाचं काम करायची. १८९५ मध्ये लग्न केल्यावर तिला नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली होती. त्या वेधशाळेला माणसं घालवण्याची हौसच दिसते. तळणीला तिने स्वतःच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा जो झोत टिपला, तितका लांब तोवर कुणीच टिपला नव्हता.

तर या माँडरने १९०३ मध्ये इव्हान्स नावाच्या शिक्षकाबरोबर वेधशाळेजवळच्याच शाळेतल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलांना कामाला लावलं. समोर मंगळासारखी एक तबकडी टांगली. तिच्यावर कालवे नव्हते, विस्कळीत ठिपके आणि छटा होत्या. मुलांनी आपापल्या बाकावरून दिसेल तसं काढायचं, ते कशाबद्दल आहे हे मात्र त्यांना सांगायचं नाही. अगदी पुढच्यांनी ठिपके काढले. अगदी मागच्यांना काही धड दिसलंच नाही. मधल्या रांगांतल्या मुलांनी सरळ रेषा काढल्या. दिसण्याच्या आणि न दिसण्याच्या सीमेवर डोळा सुटे ठिपके रेषेत ओवतो. लोवेलने या प्रयोगाची पोरासोरांचा सिद्धान्त म्हणून टर उडवली. १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या मेदाँच्या ८३ सेंटिमीटरच्या मोठ्या दुर्बिणीतून अँटोनियाडी या खगोलशास्त्रज्ञाला उत्तम हवेत मंगळ दिसला, तेव्हा रेषांच्या जागी ठिपकेच होते. म्हणजे तो पुढच्या बाकावर जाऊन बसला होता. १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने जवळून फोटो काढले, त्यांत खड्डे निघाले.

किनब्रुकचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. सॅन फ्रान्सिस्कोचे मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही ‘माणसाला स्वतंत्र इच्छा असते का’ या वादात पहिल्या पानावर येतो. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोक्याला विद्युत्-लहरी टिपणारी यंत्रणा लावायची. त्याने मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचं. समोर घड्याळासारख्या तबकडीवर एक ठिपका गोल फिरतोय, एका फेरीला २.५६ सेकंद. मनगट हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता, ते नंतर सांगायचं. लोक सांगत ती इच्छा हालचालीच्या सरासरी २०० मिलिसेकंद आधीची येई. मेंदूतली तयारीची लहर मात्र ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेली. म्हणजे मेंदूने आधी ठरवलं आणि आपल्याला मागाहून कळवलं. या साडेतीनशे मिलिसेकंदांवर कायद्यातल्या जबाबदारीपासून पाप-पुण्यापर्यंत किती शाई सांडली आहे, त्याला गणती नाही.

पण ती तबकडी बघा. फिरता ठिपका डोळ्यांनी पाहायचा, आणि तो कुठे असताना दुसरीकडे काहीतरी घडलं ते सांगायचं. वुंटचा लंबक तोच आणि ब्रॅडलींची दुर्बीणही तीच. फक्त घड्याळाच्या ठोक्याच्या जागी आता मनातली इच्छा आहे, जी ऐकू येत नाही, दिसत नाही आणि जिचा नेमका आरंभ कुठला ते भोगणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. लिबेट यांना ही अडचण माहीत होती. त्वचेला हलका झटका देऊन, तो कधी बसला ते लोकांना त्याच तबकडीवर सांगायला लावून, चूक किती पडते ते त्यांनी तपासलं आणि हिशेबात धरलं. तरी त्वचेला बसलेला झटका ही एक गोष्ट आणि मनात उगवलेली इच्छा ही दुसरी. ५५० चा आकडा यंत्राने काढलेला आहे. २०० चा आकडा माणसाने सांगितलेला आहे, आणि सांगणाऱ्या माणसांत किती फरक पडतो याचे आकडे १८२३ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. लिबेट यांच्या खुर्चीत बेसेल बसला असता, तर त्याची इच्छा मेंदूतल्या लहरीच्याही आधी उगवली असती आणि स्वतंत्र इच्छेचा डंका वाजला असता. आर्गेलांडरला बसवलं असतं, तर मनगट हलून गेल्यावर सेकंदभराने त्याला ते हलवावंसं वाटलं असतं.